सुपातल्या धानावरचा हात

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर बसते तेव्हासुद्धा दुसऱ्यांसाठीच काहीबाही मागत राहते, म्हणजे आपल्याकडे वळावं लागत नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. बरंच आहे ते. ओळखीचं माणूस समोर असतं तर तोंड उघडण्याआधीच मी मनात चाचपलं असतं — हे माणूस पुढं कोणाला सांगेल?

माझा स्वभावच तसा, बाप्पा. संशयी. दूध घेतलं की त्यात बोट बुडवून बघणार. वाण्यानं तराजू उचलला की माझी नजर त्याच्या करंगळीवर. सून गोड बोलली की वाटणार, हिला आज काय पाहिजे? हे माहेरातूनच आलं. वडील भंडाऱ्यात मागावर बसायचे. व्यापारी सूत तोलून द्यायचा आणि लुगडं तोलून घ्यायचा. सूत मुद्दाम ओलसर दिलं का, हा वडिलांना संशय. लुगड्याला खळ जास्त लावली का, हा व्यापाऱ्याला संशय. दोघं एकमेकांना भाऊ म्हणायचे, एका बशीतला चहा प्यायचे, आणि दोघांचीही नजर काट्यावरून हलायची नाही. मला वाटायचं, जग असंच चालतं. अजूनही तसंच वाटतं.

कुठून सुरू करू? पायापासून करते.

आमच्याकडे हत्तीपाय काही नवा नाही. धानाच्या बांध्या, त्या खाचरांत साचलेलं पाणी, डास — सगळं घरचंच. माझ्या आईचा उजवा पाय गुडघ्याखाली सुजलेला होता. ती त्याच्यावर लुगड्याचा काठ ओढून बसायची. कोणी आलं तरी उठायची नाही, आणि लोक म्हणायचे, बाई मोठी अकडू आहे. एकदा कोणीतरी तिला बाटलीत पांढरं औषध दिलं. तिनं ते कितीतरी महिने भक्तीनं चोळलं. मग कळलं, आत खडूची भुकटी होती. त्या माणसाचं तोंड मला आठवत नाही, पण ती बाटली आठवते, तिचं बूच आठवतं.

मग पुढं जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला, कचेऱ्या वाटल्या गेल्या, माणसं इकडची तिकडं झाली. त्यानंतरच्या दिवसांत हत्तीपायाच्या एका मलमाची चाचणी आमच्या भागात आली. नागपूरचे एक मोठे डॉक्टर ती चालवायचे. मला तिच्यात देखरेखीचं काम मिळालं. नवरा मोटारसायकलनं वरठीला कारखान्यात जायचा आणि मी एसटीनं लाखांदूरकडं. काम काय? त्या बाजूच्या गावांत न सांगता जाऊन उभं राहायचं आणि गावची कार्यकर्ती बरोबर काम करते की नाही, बघायचं. म्हणजे संशय घ्यायचाच पगार. ते काम जणू माझं घर विचारत आलं होतं.

चाचणी समजायला सोपी होती. सगळ्यांनी रोज पाय साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मग मलम लावायचं. मलमाच्या डब्या दोन तऱ्हेच्या — हिरव्या झाकणाची आणि पिवळ्या झाकणाची. एकीत औषध, दुसरीत नुसतं साधं मलम. कोणाला कोणती, ते चिठ्ठी उचलून ठरायचं. आणि औषध कोणत्या झाकणाखाली आहे, ते गावाला माहीत नाही, कार्यकर्तीला नाही आणि मलाही नाही. डॉक्टर म्हणायचे, आपली डबी खरी आहे असं एकदा माणसाला कळलं की पायाआधी मन बरं होतं. आणि मोजणाऱ्याला कळलं की त्याच्या हातातली फीत जरा आवळून बसते. म्हणून कोणालाच कळू द्यायचं नाही. मी मान डोलावली. गावोगाव अगदी हेच, असंच समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून, विचारून, मग होकार दिला.

पण माझा भरोसा होता का? नव्हता. मी लोकांना सांगत होते एक आणि मनात म्हणत होते — पुन्हा बाटली. पुन्हा कोणाच्या तरी आईला खडू.

आता कुसुम. तिचं नाव घ्यायला जीभ जड होते. खरं नाव हे नाहीच, पण तिला कुसुम म्हणू या.

त्या गावची कार्यकर्ती होती ती. घरात दोन जावा — थोरली सिंधू, धाकटी कुसुम. अंगण एक, विहीर एक, बोडी म्हणजे गावतळं, तिच्याखालच्या धानाच्या बांध्या एकत्र. रोवण्याच्या दिवसांत दोघी एका ओळीत वाकलेल्या असायच्या. एकीचं लेकरू दुसरीच्या मांडीवर झोपायचं आणि कोणाचं कोणतं ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. कुसुम तोंडाळ, हसरी, सगळ्या गावाला दटावणारी. सिंधू कमी बोलायची. तिचा डावा पाय सुजलेला होता, आणि चिठ्ठीत तिला हिरवी डबी आली होती.

कुसुमवर मी पहिल्यापासून डूख धरला. काहून? तर तिचं काम चोख होतं म्हणून. मी सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊन थडकायची, कधी भर दुपारी, कधी बाजाराच्या दिवशी — आणि ही बाई कोणाच्या तरी अंगणात उकिडवी बसून कोणाचा तरी पाय पुसत असायची. मला बघून म्हणायची, "या मॅडम, तुमचीच वाट पाहून राहिली होती. चहा मांडू का?" मला वाटायचं, एसटीचा कंडक्टर हिला निरोप देत असणार. एकदा तर मी अलीकडच्या फाट्यावर उतरून पायी गेले. तरीही ती पाय पुसतच होती. सापडत कशी नाही ही? मला तिचा रागच यायला लागला.

तुम्ही म्हणाल, हाच का तुमचा गुन्हा? नाही हो. एवढाच असता तर हसत सांगितला असता.

मी डब्या हुंगल्या. हे मी करायला नको होतं. दोन्ही झाकणं उघडली, वास घेतला, बोटावर घेऊन चोळून बघितलं. पिवळीला कापरासारखा वास होता, हिरवीला फारसा नव्हता. झालं. मी ठरवून टाकलं की पिवळी खरी आणि हिरवी खडू. वडिलांची मुलगी होते ना, सूत ओलं की सुकं ते चिमटीत कळतं असा तोरा. हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. दोन डब्यांचा वास वेगळा येतो, एवढं सांगितलं असतं तर तेच माझं खरं काम झालं असतं. मी सांगितलं नाही. मला काहीतरी सापडलंय आणि ते माझ्याजवळच आहे, याचं सुख होतं.

आणि मग ती दुपार. गावात मळणी होऊन धान घरात आलं होतं. कुसुम गावाच्या दुसऱ्या टोल्यावर, पलीकडच्या वस्तीत गेली होती. सिंधू अंगणात सूप घेऊन धान पाखडत होती, सुजलेला पाय बाजूला सरळ पसरून. मला बघितल्याबरोबर तिनं पायावर लुगड्याचा काठ ओढला. आई ओढायची तसाच.

मी बसले. तिनं पाणी दिलं. मग सूप मांडीवर ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, एक इचारू का जी? माही डबी खोटी त नाही न?"

काय बोलायचं ते मला पाठ होतं. मी शेकडोंना ते सांगितलं होतं — आम्हालाही माहीत नाही, कोणालाच माहीत नाही, म्हणून तर चाचणी. तेवढं म्हणून उठायचं होतं. पण मी इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "पिवळी मिळाली तर बघ."

दया आली म्हणून म्हणाले का? मी बरीच वर्षं स्वतःला तसंच सांगितलं. पण दया एवढी हुशार नसते. कारण पुढच्याच क्षणी मी तिचा हात धरला आणि सुपातल्या धानावर ठेवला. म्हणाले, अन्नावर हात ठेवून शपथ घे — माझं नाव कोणाजवळ घ्यायचं नाही. जावेजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही. धानावर हात ठेवून घेतलेली शपथ त्या गावात काय असते, ते मला माहीत होतं. म्हणूनच तर घेतली. तिनं तळवा धानात दाबला. "नाही घेत जी," म्हणाली. हाताला धानाचं तूस चिकटलं होतं, ते तिनं झटकलं पण नाही.

नंतर जे झालं त्यात सिंधूची चूक एवढीच की तिनं शेजारणीला डबी बदलून मागितली. शेजारणीनं विचारलं, काहून? सिंधू म्हणाली, पिवळी बरी आहे म्हणतात. कोण म्हणते? — याला तिनं उत्तर दिलं नाही. आणि गावात एखादी गोष्ट कोण म्हणते ते कळलं नाही की ती जास्तच खरी होते. ज्यांच्याकडं हिरवी त्या घरांनी ज्यांच्याकडं पिवळी त्या घरांशी बोलणं सोडलं. कुसुम तेव्हा माहेरी गेली होती, भावाच्या लग्नाला.

आता त्या गावाची एक रीत सांगते. उन्हाळ्यात बोडी आटली की सगळा गाव मिळून मासोळी धरतो, आणि मग तिचे सारखे हिस्से पडतात. ज्यानं जाळं ओढलं त्याला एक, घरात एकटी म्हातारी आहे तिलाही तेवढाच. लहान-मोठी मासोळी सगळ्यांत सारखी. तिथं तंटा होत नाही. तर एका म्हातारीनं तोडगा काढला — मलमाचे हिस्से पाडा. सगळ्या बायांनी डब्या आणल्या, लग्नाच्या स्वैपाकाचा मोठा गंज काढला, हिरव्या-पिवळ्या सगळ्या डब्या त्यात खरवडून रिकाम्या केल्या, उलथन्यानं मलम कालवलं, आणि मग हाताला येईल ती डबी भरून ज्याला त्याला सारखी वाटून दिली. कोणावर अन्याय नको. सगळे एकमेकांशी परत बोलायला लागले. आपण फार शहाणपणाचं काम केलं, असं गावाला वाटत होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

चाचणी मात्र त्या गावापुरती संपली. आता कोणाला काय लावलं, ते देवालाही सांगता आलं नसतं.

हे मला कोणी सांगितलं? कुसुमनं. माहेरून आली, तो गंज बघितला, आणि घरात पिशवी न ठेवता लाखांदूरला येऊन मला गाठलं. रडवेली झाली होती. लपवलं असतं तर मला महिनाभर पत्ता लागला नसता. "मॅडम, माह्या गावानं घोटाळा केला जी," म्हणाली. माझा गाव, म्हणाली. मी काय केलं? मी तिच्या तोंडाकडं बघत मनात अंदाज घेत होते — सिंधू हिला बोलली का?

भंडाऱ्याला बैठक झाली. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर मला आज सांगायला काहीतरी असतं. ते शांतपणे म्हणाले, "हे पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं, तेवढं कळायला हवं. कोणाला शिक्षा करायची नाही. पुढची चाचणी नीट बांधायची आहे." माझ्याकडं बघून विचारलं. खिडकी उघडी होती, चहा आला होता. याहून सोपी वेळ माणसाला कधी मिळते का?

मी म्हणाले, "सर, निघालं ते कार्यकर्तीच्याच घरातून."

वाक्यात खोटं काही नव्हतं. घर तेच होतं, अंगण तेच होतं. वड्याचं तेल मी वांग्यावर काढलं, आणि तेल खरंच होतं. डॉक्टरांनी मान हलवली. कुसुमचं काम गेलं. तिला कोणी वाईट बोललं नाही, फक्त पुढच्या महिन्यापासून तिला बोलावलं नाही. गावात मात्र नाव झालं — ही घरच्यांना आतलं सांगत होती.

मला वाटलं, इथं मिटलं. पण ज्यासाठी मी हे सगळं सांगत बसले आहे, ते अजून आलंच नाही.

कुसुम भंडाऱ्याला आली, माझ्या घरी. पत्ता विचारत विचारत आली होती. मी तिला बसवलं, पोहे केले. तिनं बशीला हात लावला नाही. म्हणाली, "काम गेलं त जाऊ द्या जी. पण मी कोणाले काही सांगितलं नाही. मले माहीतच नव्हतं त सांगू काय? तुमाले त पटते न?" मी म्हणाले, मला पटतं. मी तुझ्या बाजूनं बोलले होते तिथं. — हे मी म्हणाले. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, तुम्ही एकट्याच बोलल्या जी माह्यासाठी.

मग ती मला म्हणाली, "मंग कोण? जाऊबाईनं पयल्यांदा डबी बदलून मागितली. कोणं सांगितलं इचारलं त सांगत नाही. शपथ हाय म्हणते. कोणाची शपथ? मले त वाटते, तिनंच मनानं उठवलं. मले काम भेटलं, तिले नाही, म्हणून. तुमाले काय वाटते, मॅडम? तिनंच न?"

तिला 'नाही' ऐकायचं होतं. मी शपथेवर सांगते — माझ्या तोंडी हा शब्द शोभत नाही, तरी सांगते — तिला 'नाही' ऐकायचं होतं. नाही, जाऊ कशाला असं करेल, असं कोणीतरी म्हणावं म्हणून ती एवढ्या लांब आली होती. मी नुसतं 'मला काय माहीत' म्हटलं असतं तरी ती तेवढ्यावर घरी गेली असती आणि जावेजवळ बसून रडली असती.

मी म्हणाले, "हो."

एवढंच. बैठकीत बोलले तेव्हा घाबरले होते. सिंधूला शपथ घातली तेव्हाही घाबरले होते. पण हा 'हो' म्हणताना मी घाबरलेली नव्हते. मी विचार करून म्हणाले. दोघी जावा बोलत्या राहिल्या तर एक दिवस सिंधू बोलेल, असा माझा विचार होता. त्या बोलत्या नकोत.

कुसुम उठली. पोहे तसेच राहिले. जाताना माझ्या पाया पडली.

त्यांच्या अंगणात भिंत उभी राहिली. भाऊ वेगळे झाले, बांध्या वाटल्या गेल्या, विहीर कुसुमच्या बाजूला गेली. सिंधू त्या पायानं बोडीवरून पाणी आणायला लागली. मला हे दुसऱ्या गावच्या बायांकडून कळायचं, आणि मी 'अरेरे' म्हणायची.

आणि माझं काय झालं? चांगलं झालं. त्या गावाच्या फजितीवरून डॉक्टरांनी पुढच्या चाचणीची सगळी रीत बदलली. एका गावात एकाच तऱ्हेची डबी. झाकणांचा रंग एक. दोन्ही मलमं आधी परक्या माणसांना हुंगायला द्यायची, फरक कळला तर परत करायची. चांगल्या सुधारणा होत्या, अजूनही मी म्हणेन. पण त्यात एक नियम माझ्या वाक्यावरून आला — गावच्या कार्यकर्तीच्या हाती डब्या ठेवायच्या नाहीत, त्या देखरेख करणारीकडं कुलपात राहतील. जिनं फोडलं तिच्याचकडं किल्ली दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोराला कोठीवर बसवलं होतं. नव्या मुलींना शिकवायचं कामही माझ्याकडंच आलं. मी शिकवताना सांगायची, एका गावात काय झालं ऐका, आणि गंजाची गोष्ट सांगायची. मुली हसायच्या. मग मी बोट वर करून म्हणायची, गावच्या बाईवर फार विसंबू नका, घरचं माणूस घरच्यालाच आधी सांगतं. त्या लिहून घ्यायच्या. त्या मुली आता दुसऱ्या मुलींना शिकवत असतील, आणि हे वाक्यही शिकवत असतील.

चाचणी संपल्यावर कोणत्या झाकणाखाली काय होतं, ते उघड झालं. पिवळी साधी होती. औषधाच्या वासाशी जुळावं म्हणून साध्या मलमात कापूर घातला होता, तो जरा जास्त पडला होता.

सिंधू मला एकदा भेटली. लाखांदूरच्या स्टँडवर, वडाखाली बसली होती. मी तोंड फिरवून दुसरीकडं जाणार होते, पण तिनं बघितलं. मी जवळ गेले. पाय कसा आहे विचारलं. धुते रोज, बरा हाय, म्हणाली. मग माझ्या हातातल्या पिशवीकडं बघत अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी नाही सांगितलं जी कोणाले." हे मला का सांगते ही? धमकावते का? काही मागणार का? चोराच्या मनात चांदणं. गाडीत बसल्यावरही मी तेच घोळवत होते — कोणाजवळ बोलली असेल, कधी बोलेल. ती मला फक्त एवढंच सांगत होती की शपथ पाळली आहे. हे मला कळायला किती वर्षं लागली, विचारू नका.

मागच्या पावसाळ्यात सिंधू गेली. ताप आला, पायाची सूज वर चढली, दोन-चार दिवसांत आटोपलं. कुसुमनंच फोनवर सांगितलं. म्हणाली, शेवटी पाणी मागत होती म्हणतात, भिंतीपलीकडून आवाज येऊन राहिला होता, पण मी नाही गेली जी. तिनं केलं थे मी इसरू शकली नाही. तुमाले त माहीत हाय.

मला माहीत होतं. फोन हातात होता. तेव्हा तरी बोलले का? नाही. आणि तेव्हा मला पहिल्यांदा जे वाटलं, तेही सांगून टाकते. सुटले, असं वाटलं. आता सांगणारं कोणी उरलं नाही. त्या दिवशी मी नीट जेवले, चांगली झोपले.

कुसुम दर वर्षी नवा तांदूळ पाठवते. त्यांच्या बांधीतला चिन्नोर, शिजला की घरभर वास सुटतो. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत कोणा ना कोणाच्या हाती पिशवी येते आणि पाठोपाठ फोन येतो — मॅडम, तुम्ही एकट्या माह्या बाजूनं बोलल्या होत्या, इसरली नाही जी. यंदाही आला. मी तो निवडते, पाखडते. सूप हातात घेतलं की हात थांबतो जरा. मग भात लावते आणि जेवते.